दोनशे वर्षांची चूक दुरुस्त करणारी लेखणी

ग्राफिक टॅब्लेटवर चित्रे काढणाऱ्याला एक अनुभव कधी ना कधी येतोच. हात बरोबर फिरतो, पण पडद्यावर रेषा भलत्याच जागी उमटते. कधी ती मध्येच तुटते, कधी पेनावर कितीही जोर दिला तरी जाड होत नाही. अशा वेळी पेन बिघडले असे म्हणून नवे विकत आणणे सर्वांत सोपे असते. जाणकार मात्र तसे करीत नाही. पेनाचे टोक झिजले आहे काय, पाटीवरचे प्लास्टिकचे आवरण सुटले आहे काय, पाटी लोखंडी मेजावर ठेवली आहे काय, संगणकातील ड्रायव्हर जुना झाला आहे काय, हे तो एकेक करून पाहतो. शेवटी पेनाचे टोक आणि पडद्यावरचा बाण एका ठिकाणी जुळवून घेतो. दोष बहुधा पेनात नसतो. तो पेन आणि रेषा यांच्यामध्ये कोठे तरी दडलेला असतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात, वालधुनी नदीच्या काठी, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी असाच एक दोष शोधला गेला. तेथे पाटी होती काळ्या दगडाची आणि पडदा होता कागदाचा. दगडावर एक आकडा कोरलेला होता आणि कागदावर दुसराच उतरला होता. त्या एका आकड्यामुळे अंबरनाथचे शिवमंदिर खऱ्या वयापेक्षा तब्बल दोनशे वर्षांनी म्हातारे ठरले होते. ही चूक दुरुस्त करणाऱ्या विद्वानाचे नाव होते पंडित भगवानलाल इंद्रजी. इंग्रजी शाळेत न शिकलेला, मुंबईत आयुष्य घालवलेला हा काठेवाडी पंडित पश्चिम भारताच्या प्राचीन इतिहासाचा एक पाया रचून गेला. दगडावरची रेषा कागदावर जशीच्या तशी उतरवणे हीच त्याची खरी विद्या होती.

गिरनारची शाळा

भगवानलाल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी जुनागढ येथे ब्राह्मण कुटुंबात झाला. घरात संस्कृतची परंपरा होती. लहानपणीच त्यांना गुजराती आणि संस्कृतचे शिक्षण मिळाले, इंग्रजीचे मात्र मिळाले नाही. त्यांची दुसरी शाळा गावाबाहेर होती. गिरनार पर्वताकडे जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोकाच्या आज्ञा, इसवी सन १५० च्या सुमारास महाक्षत्रप रुद्रदामन याने कोरविलेला लेख आणि पुढे गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा लेख असे तीन काळांचे लेखन एकत्र आढळते. यात्रेकरू त्या शिळेवरून शतकानुशतके पुढे जात होते, पण ती वाचणारा कोणी उरला नव्हता.

अशोकाच्या काळची ब्राह्मी लिपी कोलकात्यात जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये उलगडली. गिरनारच्या लेखाच्या नकला कापडावर घेऊन त्यांच्याकडे पाठविण्यात आल्या होत्या. या नकलांत दोष राहिले आणि शिळेवरून पुन्हा नव्याने नकला घेण्याची वेळ आली. प्रिन्सेप १८४० मध्ये निधन पावले. ज्या दगडाचे लेखन त्यांनी जगापुढे मांडले, तो दगड त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. दुसऱ्याने काढलेल्या नकलेवर विसंबून राहण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते.

जुनागढच्या मुलाची परिस्थिती नेमकी उलटी होती. दगड त्याच्या दारात होता आणि प्रिन्सेप यांची वर्णमाला मात्र दूरवरून यायची होती. या वर्णमालेची छापील प्रत किशोरवयात त्याच्या हाती आली. ती घेऊन तो शिळेपाशी जाऊन बसू लागला. छापील प्रत आणि दगड यांच्यात फरक दिसला, की दगडाला प्रमाण मानायचे, ही सवय त्याला तेथे लागली. पुढच्या आयुष्यभर हीच सवय त्यांच्या कामाचा कणा ठरली.

मुंबईचे बोलावणे

काठेवाडात तेव्हा अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स हे इंग्रज अधिकारी होते. गुजरातच्या इतिहासावरील रासमाला या ग्रंथाचे ते कर्ते. या तरुणाची हुशारी त्यांच्या कानावर आली आणि त्यांनी मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे त्याची शिफारस केली. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेले भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर. गरिबांवर मोफत उपचार करणारे वैद्य, स्त्रीशिक्षणाचे कैवारी, दोन वेळा मुंबईचे नगरपाल आणि त्याचबरोबर प्राचीन इतिहासाचे गाढे अभ्यासक असा त्यांचा लौकिक होता. दिवसभर रोग्यांत गुंतलेल्या या डॉक्टरांना डोंगरदऱ्यांत जाऊन लेखांच्या अचूक नकला आणणारा माणूस हवा होता.

गिरनारच्या लेखांच्या शुद्ध नकला हे भगवानलाल यांनी भाऊ दाजींसाठी केलेले पहिले महत्त्वाचे काम. त्यांच्या आधारे भाऊ दाजींनी रुद्रदामन व स्कंदगुप्त यांच्या लेखांचे नवे वाचन प्रसिद्ध केले. १८६० च्या दशकाच्या आरंभी, वयाच्या विशीत असलेले भगवानलाल मुंबईत आले आणि येथलेच झाले. भाऊ दाजींच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ, ते त्यांच्यासाठी फिरत राहिले. अजिंठा, नाशिक, कार्ले, भाजे, जुन्नर, नाणेघाट, कान्हेरी ही पश्चिम भारतातील लेणी त्यांनी पालथी घातली. नंतर उत्तर भारत, राजस्थान आणि ओरिसापर्यंत त्यांची पायपीट झाली.

शोधनिबंध भाऊ दाजींच्या नावाने, इंग्रजीत प्रसिद्ध होत. नकला भगवानलाल यांच्या असत. त्या काळच्या रीतीप्रमाणे यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. भाऊ दाजींनी आपल्या साहाय्यकाला वाढू दिले, फिरण्यासाठी पैसा दिला आणि त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकला, हेही तितकेच खरे. तरीही जो माणूस दगडासमोर बसतो तो एक आणि ज्याचे नाव छापले जाते तो दुसरा, अशी ही व्यवस्था होती.

नक्कल कोठे चुकते?

शिलालेखाची नक्कल घेणे बाहेरून सोपे वाटते. लेखावर ओला कागद थापायचा, कुंचल्याने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, वाळला की अलगद सोडवायचा. किंवा कागदावर शाईचा बोळा फिरवून ठसा उठवायचा. जेथे हे शक्य नसेल तेथे लेखासमोर बसून नजरेने एकेक अक्षर उतरवायचे. या प्रत्येक पायरीवर रेषा हुकण्याची एक तरी जागा असते.

पहिली जागा म्हणजे खुद्द दगड. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मुळातच बारीक छिद्रे असतात. त्यातील एखादे छिद्र अक्षराच्या डोक्यावर आले, की अनुस्वार भासते. एखादी भेग काना होऊन बसते. शेवाळ, धूर, तेल-शेंदूर आणि चुना यांचे थर चढले, की उथळ रेषा नाहीशी होते.

दुसरी जागा म्हणजे साधन. शाई जास्त झाली, तर बारीक खाचा भरून जातात आणि दोन वळणांची एकच होते. कागद पुरेसा बसला नाही, तर खोल रेषा तेवढ्या उमटतात आणि उथळ रेषा निसटतात.

तिसरी जागा नकलेच्या प्रवासात असते. मूळ ठसा छापखान्यात जातो, शिळाछापासाठी तो कोणी तरी पुन्हा रेखाटतो, आणि अस्पष्ट भाग सुबक करण्याच्या नादात त्या रेखाटनकाराचा हात आपल्या समजुतीने चालतो. छापून आलेली प्रत स्वच्छ दिसते, पण तिच्या स्वच्छतेवर विश्वास ठेवणे धोक्याचे असते.

चौथी जागा वाचकाचा डोळा. जे सापडावे अशी अपेक्षा असते, तेच डोळ्याला दिसते. त्या काळच्या पंडितांना हे चारही दोष भोवले. भगवानलाल यांचे वेगळेपण असे की, शंका आली की ते अनुमानाने अक्षर भरून काढीत नसत. शक्य असेल तर ते पुन्हा मूळ लेखाकडे जात.

ओरिसातील उदयगिरीच्या हाथीगुंफा लेखाचे उदाहरण बोलके आहे. छताच्या खडबडीत दगडावर कोरलेला हा लेख प्रिन्सेप यांच्यापासून अनेकांनी वाचून पाहिला होता. प्रारंभीच्या वाचनात राजाचे नाव ऐर असे मानले गेले. भगवानलाल यांनी स्वतः तेथे जाऊन नक्कल घेतली होती. त्यांचे वाचन १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या कलिंगाधिपतीचे खरे नाव खारवेल असल्याचे जगाला कळले. हाथीगुंफेचा लेख आज खारवेलाचा म्हणूनच ओळखला जातो.

वालधुनीकाठचा आकडा

अंबरनाथचे शिवालय शिलाहारांच्या वैभवाची साक्ष देत वालधुनीच्या काठी उभे आहे. उत्तर कोकणच्या या राजवंशाचा कारभार ठाणे परिसरातून चाले. देवळाचे तोंड पश्चिमेला असून सभामंडपाला तीन बाजूंनी प्रवेशमंडप आहेत. गाभारा जमिनीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने दर्शनासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींची इतकी दाटी आहे की रिकामी जागा शोधावी लागते.

१८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि दोन वर्षांत अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूने खोपोलीपर्यंत गेली. त्यानंतर हे देऊळ मुंबईच्या विद्वानांच्या आवाक्यात आले. १८६८ मध्ये सरकारने मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे प्रमुख टेरी यांच्या देखरेखीखाली एक पथक येथे पाठविले. त्या पथकाने देवळाची मोजमापे घेतली, चित्रे काढली आणि शिल्पांचे साचे तयार केले. दगडावरची कलाकृती कागदावर आणि साच्यात उतरवण्याचा या भागातील तो पहिला मोठा प्रयत्न होता.

देवळाच्या उत्तरेकडील दारावर, आतील बाजूच्या तुळईवर, एक झिजलेला लेख आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीस भाऊ दाजींनी तो एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकातून अभ्यासकांपुढे आणला. त्यात मांवाणि नावाच्या शिलाहार राजाचा उल्लेख असल्याचे त्यांनी दाखविले. काळाचा आकडा त्यांनी शके ७८२ असा वाचला. म्हणजे इसवी सन ८६०. भाऊ दाजींसारख्या अधिकारी पुरुषाने सांगितलेले हे साल सहज मान्य होण्यासारखे होते.

पण या आकड्याची इतर पुराव्यांशी गाठ घालून पाहिली, की तो डळमळू लागतो. मुंबईजवळच्याच कान्हेरी लेण्यांत शके ७७५ आणि शके ७९९ या सालांचे लेख आहेत. त्या वेळी कोकणात शिलाहार राजा दुसरा कपर्दी हा राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचा मांडलिक म्हणून राज्य करीत होता. शके ७८२ हे साल या दोहोंच्या मध्ये येते. मग त्याच वेळी मांवाणि कोठून आला? दुसरीकडे, लेखात ज्या छित्तराजाचे नाव येते, त्याचा भांडुप ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इसवी सन १०२६ चा आहे. मांवाणि ऊर्फ मुम्मुणी हा छित्तराजाचा धाकटा भाऊ. अंबरनाथचा लेख आठव्या शतकाच्या शकात ठेवला, तर भाऊ भावापेक्षा दीडशे वर्षांहून अधिक आधी राज्य करतो, असा विपरीत प्रकार घडतो.

भगवानलाल यांनी लेखाचे नव्याने वाचन केले आणि ते त्याच नियतकालिकात १८७० च्या दशकात प्रसिद्ध झाले. शेकड्याच्या जागी सात नसून नऊ आहे, असे त्यांनी दाखविले. साल शके ९८२, तिथी श्रावण शुद्ध नवमी, वार शुक्रवार. हे साल साधारणतः इसवी सन १०६० असे सांगितले जाते. एका आकड्याच्या एका वळणाने दोनशे वर्षे इकडची तिकडे झाली. देऊळ राष्ट्रकूटांच्या काळातून निघून अकराव्या शतकात, माळव्यातील परमारांच्या मंदिरांच्या समकालीन वास्तूंत जाऊन बसले. त्याच्या शिखराच्या रचनेचे त्या मंदिरांशी असलेले नातेही त्यामुळे समजण्याजोगे झाले.

ज्यांच्या वाचनाची ही दुरुस्ती होती, ते भाऊ दाजी तोवर हयात नव्हते. १८६५ च्या शेअर बाजारातील कोसळीत त्यांची संपत्ती गेली होती आणि दीर्घ आजारानंतर ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. भगवानलाल तेव्हा त्यांच्याच कामासाठी नेपाळच्या बाजूला प्रवासात होते. ज्यांनी आपल्याला जुनागढहून मुंबईत आणले, त्यांच्या निष्कर्षातील चूक दाखविणे शिष्याला सोपे नसते. पण दगड आणि कागद यांच्यात मतभेद असेल, तर कोणाची बाजू घ्यायची, हे गिरनारच्या शिळेपाशीच ठरलेले होते.

आकड्यांचा जाणकार

अंबरनाथचा आकडा ओळखण्यामागे केवळ तीक्ष्ण नजर नव्हती. त्याच सुमारास भगवानलाल प्राचीन भारतीय अंकचिन्हांच्या कोड्यात गढलेले होते. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील गुहेत सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांच्या संख्या त्यात चिन्हांनी नोंदविल्या आहेत. भारतातील सर्वांत जुन्या अंकचिन्हांच्या नोंदींत त्याची गणना होते. तेथे आजच्यासारखी शून्य घेऊन स्थानमूल्याने संख्या लिहिण्याची पद्धत नाही. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत.

भगवानलाल यांनी नाणेघाटच्या अंकांवर लिहिले आणि १८७७ मध्ये प्राचीन नागरी अंकांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जुनी अंकचिन्हे अक्षरांच्या रूपात लिहिली जात, हे त्यांनी मांडले. विख्यात संस्कृतज्ञ गेऑर्ग ब्यूलर यांनी त्यांच्या या कामाला पाठबळ दिले. चिन्ह कोणत्या काळात कसे वळते, हे ज्याने शेकडो नकलांतून पाहिले आहे, त्यालाच सात आणि नऊ यांत गल्लत झाल्याचे ओळखता येते.

स्वतःच्या नावाने

भाऊ दाजी गेले आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावर असलेले भगवानलाल निराधार झाले. आश्रयदाता नाही, इंग्रजी नाही, सरकारी पद नाही. हाती होत्या त्या वर्षानुवर्षे गोळा केलेल्या नकला आणि नाणी. आता त्यांनी स्वतःच्या नावाने लिहायला सुरुवात केली. लिखाण गुजरातीत होई आणि ब्यूलर यांच्यासारखे स्नेही त्याचे इंग्रजी करीत. नेपाळहून आणलेल्या २३ लेखांचा त्यांचा संग्रह १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या देशाच्या प्राचीन राजवंशांच्या कालक्रमासाठी तो मोलाचा ठरला. १८८१ मध्ये जेम्स बर्जेस यांच्यासह त्यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचे पुस्तक सिद्ध केले.

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली तयार होत असलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरला त्यांची मोठी मदत झाली. ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ मध्ये निघाले. त्यातील शिलाहारांचा इतिहास त्यांच्या संशोधनावर उभा आहे. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या गावांच्या मुलखावर कोणी राज्य केले, याची क्रमवार कहाणी सामान्य वाचकाला प्रथम मिळाली ती या खंडांतून.

त्याच वर्षी त्यांना सर्वांत मोठे यश लाभले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील नालासोपारा हेच प्राचीन शूर्पारक, याचा माग काढत त्यांनी एप्रिल १८८२ मध्ये बुरुड राजाचा कोट या नावाने ओळखले जाणारे टेकाड खणले. ते टेकाड म्हणजे बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक बसविलेले करंडक, आठ बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे मानले जाणारे तुकडे मिळाले. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे एक नाणेही सापडले. त्याच मोसमात अशोकाच्या आठव्या आज्ञेचा एक तुकडा त्यांच्या हाती लागला. गिरनारच्या शिळेवर ज्या राजाची अक्षरे त्यांनी मुलपणी गिरवली होती, त्याच राजाची अक्षरे त्यांना ठाण्याच्या किनाऱ्यावर भेटली.

मान आणि उणीव

मुंबई विद्यापीठाने त्यांना फेलो केले. १८८४ मध्ये हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. शालेय पदवी नसलेल्या पंडिताच्या नावाआधी डॉक्टर हे बिरूद लागले. तरीही त्यांचे पुष्कळसे लेखन दुसऱ्यांच्या भाषांतरावर अवलंबून राहिले आणि काही भाग त्यांच्या हयातीत प्रसिद्धच होऊ शकला नाही.

१६ मार्च १८८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे. आपली नाणी आणि मथुरेत १८६९ मध्ये सापडलेला प्रसिद्ध सिंहस्तंभशीर्ष त्यांनी मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिला. हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली. पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरील त्यांचा निबंध १८९० मध्ये, तर सिंहस्तंभशीर्षावरील खरोष्ठी लेखाचे वाचन १८९४ मध्ये, दोन्ही मरणोत्तर, इतर विद्वानांनी संपादित करून प्रकाशित केले. गुजरातच्या प्राचीन इतिहासाचे त्यांचे टिपण १८९६ च्या गॅझेटियरमध्ये आले.

नवे शहर, जुना धडा

भगवानलाल यांच्या काळात वालधुनीच्या काठावर शेते आणि रान होते. पुढे अंबरनाथला कारखाने आले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बदलापूरही वाढत वाढत लोकलच्या गर्दीचे शहर झाले. या साऱ्या गजबजाटात अंबरनाथचे शिवालय टिकून आहे आणि त्याचे साल विचारले तर १०६० हे उत्तर मिळते. ते कोणी शोधले, हे मात्र देवळात येणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

१९७७ मध्ये वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या लेखांचा बृहत्संग्रह सिद्ध केला, तेव्हाही अंबरनाथच्या लेखाचा शकांक ९८२ हाच राहिला. शंभर वर्षे उलटली, साधने बदलली, छायाचित्रे आली, तरी त्या वाचनाला धक्का लागला नाही.

पडद्यावर भलतीच रेषा उमटली, तर पेनाला दोष देण्याआधी टोक, पाटी आणि मधली वाट तपासायची असते. कागदावर भलताच आकडा आला, तर विद्वानाच्या नावाने दडपून न जाता पुन्हा त्या तुळईखाली जाऊन उभे राहायचे असते. इंग्रजी न येणाऱ्या, दुसऱ्याच्या नावासाठी बारा वर्षे नकला उतरवणाऱ्या पंडिताने नेमके तेवढेच केले. म्हणूनच अंबरनाथच्या देवळाला त्याचे खरे वय परत मिळाले.